नाव बाईचे, कारभार कोणाचा?

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघाली, की खर्ड्यासारख्या बाजारगावी दोनच प्रश्न विचारले जातात: जागा कोणत्या जातीची, आणि बाईची की पुरुषाची? उमेदवाराच्या योग्यतेचा प्रश्न मागाहूनही क्वचितच निघतो.

१९९३ साली घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांस किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ साली महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. अनुसूचित जातिजमातींसही राखीव जागा आहेत. पिढ्यान्‌पिढ्या चावडीबाहेर ठेवलेल्यांस आत घेणारा हा कायदा न्याय्यच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु अर्ज पत्नीचा आणि कारभार पतीचा, किंवा राखीव जागेवर मुद्दाम आपल्याच ओंजळीने पाणी पिणारा माणूस, ही त्या कायद्याची उघड विटंबना होय.

याच जामखेड तालुक्यातील चौंडीस जन्मलेल्या अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ पर्यंत राज्य स्वतः चालविले. २०२४ साली जिल्ह्यास त्यांचे नाव मिळाले. मग तेथील निवडून आलेल्या स्त्रीने केवळ सहीपुरते का उरावे?

पोत्यातले दाणे तळहातावर घेतल्यावाचून आमचे व्यापारी सौदा करीत नाहीत. त्यांनी मतही तसेच द्यावे. पाणी, रस्ता, शाळा यांविषयीचे प्रश्न उमेदवार बाईसच विचारावे, आणि उत्तर तिच्याच तोंडून ऐकावे.