पोहतां न येणारा आणि डॉल्फिन

सुटींत परदेशीं जाणारे कांहीं पालक विचारतात कीं, पोहतां येत नसतांहि डॉल्फिनांबरोबर समुद्रांत उतरतां येईल काय? तरंगणारें जाकीट अंगांत असलें म्हणजे मनुष्य बुडत नाहीं, इतकें खरें. पण लाट तोंडावर आली असतां श्वास कसा राखावा हें जाकीट शिकवीत नाहीं.

तथापि आमचा खरा आक्षेप निराळाच आहे. डॉल्फिन हा मासा नव्हे. तो फुप्फुसांनीं श्वास घेतो व पिलांस दूध पाजतो. हवाई बेटांजवळचे गिरकी घेऊन उडणारे डॉल्फिन रात्रभर खोल समुद्रांत भक्ष्य धरतात, आणि दिवसां उथळ उपसागरांत विसावतात. तेंहि अर्धा मेंदू जागा ठेवून, श्वासासाठीं वारंवार वर येत. नेमके त्याच वेळीं प्रवासी पाण्यांत उड्या टाकीत! म्हणून २०२१ सालीं अमेरिकन सरकारनें तेथील किनाऱ्यालगत त्यांच्या ५० यार्डांच्या आंत जाण्यास मनाई केली. हौदांत कोंडलेल्या डॉल्फिनांचे खेळ तर भारत सरकारनें २०१३ सालींच नाकारले.

शिवाय डॉल्फिन पाहण्यास इतक्या दूर जावयास नको. दापोलीजवळच्या मुरूडास किंवा तारकर्लीस सकाळीं होडींत जाकीट घालून बसावें, दूरवरच यंत्र बंद करावयास सांगावें, आणि स्वस्थ राहावें. डोक्यावरील नाकपुडींतून सुटणारा त्यांचा फूत्कार तेव्हां स्पष्ट ऐकूं येतो.