दप्तर उघडलें, पण वाचणार कोण?

सरकारी दप्तर रयतेच्या पैशावर चालतें. तेव्हां त्यांत काय लिहिलें आहे हें जाणण्याचा रयतेस अधिकार आहे, हें तत्त्व आतां कोणी उघडपणें नाकारीत नाहीं. १९२३ च्या गोपनीयतेच्या कायद्याच्या छायेंत वाढलेल्या नोकरशाहीकडून तें कबूल करवून घेण्यास मात्र फार वर्षें लागलीं. महाराष्ट्रांत २००२ सालीं याविषयींचा कायदा झाला व १२ ऑक्टोबर २००५ पासून मध्यवर्ती कायदा पूर्णपणें अमलांत आला. १० रुपये भरून कोणाही नागरिकानें विचारावें, कारण सांगूं नये, आणि ३० दिवसांत उत्तर मिळावें, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु आज आम्हांस बोलावयाचें आहे तें ज्यास विचारतांच येत नाहीं त्याच्याविषयीं.

या कायद्याचें चौथें कलम ज्यांनीं मुखोद्गत करावें त्या अधिकाऱ्यांनींच तें विसरावयाचें ठरविलें आहे कीं काय, असा संशय येतो. प्रत्येक कचेरीनें १७ प्रकारची माहिती, म्हणजे अधिकाऱ्यांचीं कर्तव्यें, त्यांचे पगार, अंदाजपत्रक, अनुदान कोणास मिळालें त्याचा तपशील इत्यादि, १२० दिवसांत आपण होऊन प्रसिद्ध करावी. लोकांवर अर्ज करण्याची पाळी शक्यतों येऊंच नये, असें तें कलम बजावतें. स्थानिक भाषेचा विचार करावा, असेंही तें सांगतें. इतकेंच नव्हे, तर प्रसार म्हणजे काय याचा खुलासा करतांना कायद्यानें सूचनाफलक, वर्तमानपत्रें व जाहीर घोषणा यांचीं नांवें इंटरनेटच्या आधीं घेतलीं आहेत! आमच्या कचेऱ्यांनीं मात्र यांतलें शेवटचें तेवढें उचललें. संकेतस्थळावर एक फाईल चढविली, कीं कर्तव्य संपलें.

आणि त्या फायलीची भाषा! शिवछत्रपतींच्या काळीं रघुनाथपंतांनीं राज्यव्यवहारकोश रचला, तो फारसी शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द देण्यासाठीं. हेतु थोर होता. तथापि ‘जमाबंदी’सारखे शब्द टिकले, कारण ते शेतकऱ्याच्या जिभेवर बसले होते. परका शब्द त्यास कळतो. ‘अधिक्रमित करण्यांत येत आहे’ ही स्वभाषा त्याच्या मुलाच्या मास्तरांसही कळत नाहीं. ‘आधींचा हुकूम रद्द’ एवढें लिहिल्यानें सरकारची कोणती प्रतिष्ठा बुडते?

यांत नुकसान कोणाचें होतें तें पाहा. फेरफाराची नोंद झाली, कीं तिची प्रत चावडीवर लावावी व संबंधितांस लेखी कळवावें, अशी तरतूद १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमांत आहे. हरकत न आल्यास नोंद पक्की होते. ज्या विधवेस अक्षरओळख नाहीं, तिला तो कागद भिंतीवर लागला काय आणि न लागला काय, सारखाच. वारसांतून आपलें नांव गळलें हें तिला कळतें तें पीककर्ज मागावयास गेल्यावर.

कोणी म्हणेल, निरक्षरांपुढें हिशेब ठेवून काय उपयोग? त्यांनीं राजस्थानाकडे पाहावें. १९९४ सालीं मजदूर किसान शक्ति संघटनेनें कोट किराणा येथें पहिली जनसुनावणी भरविली. अशा सुनावण्यांत सरकारी कामांचे हजेरीपट भर सभेंत मोठ्यानें वाचीत. नांव उच्चारलें जाई, आणि तो माणूस कामावर नव्हता, किंबहुना हयातच नव्हता, हें ऐकणारेच सांगत. ज्यांस सही येत नव्हती त्यांनीं सरकारचा हिशेब तपासला! याच चळवळीनें १९९६ सालीं ब्यावर येथें धरणें धरलें आणि पुढें देशास माहितीचा कायदा मिळाला.

आपल्याकडे ग्रामसभा वर्षांतून किमान चार वेळां भरावी लागते. तींत पंचायतीच्या कामांची यादी, मंजूर रक्कम, ठेकेदाराचें नांव आणि मधल्या काळांतील फेरफार मोठ्यानें वाचले जावेत. त्यास नवा कायदा नको, मोठा खर्च नको. अर्धा तास पुरे. वाचणारा मात्र गांवच्या बोलींत समजावून सांगणारा हवा. ज्या गांवीं असें होत नसेल तेथील तरुणांनीं पुढील सभेआधीं सरपंचास लेखी मागणी द्यावी. लिहितां न येणाऱ्याचा तोंडी अर्ज लिहून देण्यास साहाय्य करणें हें माहिती अधिकाऱ्यावर कायद्यानेंच बंधनकारक आहे, हेंही त्यांनीं शेजाऱ्यापाजाऱ्यांस सांगावें.