गेम घेताय? जरा थांबा बॉस!

पगार जमा झाल्याचा मेसेज आला रे आला, की आमच्या गँगमध्ये एकच सवाल, 'या महिन्यात कुठला गेम?' कन्सोलचा नवा, मोठा गेम पाच हजारांच्या आसपास जातो. ईएमआय, भाडं, वीकेण्डचं हॉटेलिंग सांभाळून एवढे पैसे टाकायचे, म्हणजे विचार हवाच ना!

ट्रेलरवर भाळू नका
ट्रेलर म्हणजे स्थळाचा फोटो. सगळंच छान दिसतं! त्यापेक्षा यूट्यूबवर कुणाचा तरी अर्धा तास सलग चाललेला खेळ बघा. स्टीमवर तर रिव्ह्यू लिहिणारा किती तास खेळलाय, तेही दिसतं. मी आधी वाईट रिव्ह्यू वाचते. चाळीस तास खेळून वैतागलेल्याचं म्हणणं वीस मिनिटांत भारावलेल्यापेक्षा जास्त कामाचं.

प्री-ऑर्डरचं तर नावच नको. 'सायबरपंक २०७७' आठवतोय? डिसेंबर २०२० मध्ये गाजावाजा करत आला. पीएस ४ वर इतका रखडत चालला, की सोनीने आठवडाभरात तो आपल्या ऑनलाइन स्टोअरमधून काढला, लोकांना पैसे परत दिले. जून २०२१ मध्ये तो पुन्हा विक्रीला आला. ज्यांनी धीर धरला, त्यांना सुधारलेला गेम मिळाला, तोही सेलमध्ये स्वस्तात!

डिस्क की डाउनलोड?
आमच्या ऑफिसातला एकजण डिस्कशिवाय काही घेतच नाही. त्याचं गणित सोप्पंय. चार हजारांची डिस्क खेळून झाली, की अडीच हजारांना विकायची. गेम पडला दीड हजाराला! मुंबईत लॅमिंग्टन रोडला चक्कर मारायची मजा वेगळीच. फक्त तुमच्या कन्सोलला डिस्क ड्राइव्ह आहे ना, ते बघा.

डाउनलोड केलेला गेम मात्र विकता येत नाही. म्हणून परतीचे नियम आधी वाचा. स्टीमवर २०१५ पासून सोय आहे. खरेदीला चौदा दिवस व्हायच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल, तर पैसे परत. प्लेस्टेशन स्टोअरमध्ये चौदा दिवस असले, तरी डाउनलोड सुरू केलंत की संपलं, गेममध्येच दोष असेल तरच काय ते!

मालक कोण?
हा खरा कळीचा मुद्दा. 'द क्रू' हा २०१४ चा कार रेसिंगचा गेम. ३१ मार्च २०२४ ला युबीसॉफ्टने त्याचे सर्व्हर बंद केले आणि गेम कायमचा थांबला. डिस्क जपून ठेवणाऱ्यांचाही! कारण एकट्याने खेळायलासुद्धा त्याला इंटरनेट लागायचं. स्टीम तर २०२४ पासून पैसे भरतानाच सांगतं, की तुम्ही घेताय ते फक्त लायसन्स. थोडक्यात, आपण भाडेकरू!

म्हणून हे चार प्रश्न
* इंटरनेटशिवाय चालेल का?
* आवडला नाही तर पैसे परत मिळतील का?
* पुढच्या सेलपर्यंत थांबता येईल का?
* आणि महिन्यातल्या किती संध्याकाळी मोकळ्या आहेत?

माझ्याकडे चौथ्याचं उत्तर 'दोन' असेल, तर पन्नास टक्के सूट असली तरी गेम घेत नाही. न खेळलेला गेम कितीही स्वस्त मिळाला, तरी महागच पडतो!