वर की खाली?

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीच्या नियंत्रकासमोर रडारवर दोन ठिपके समोरासमोर येत होते. विमान किती उंचीवर आहे, हे त्या रडारला कळत नव्हतं. उंची वैमानिकाने तोंडी सांगायची आणि नियंत्रकाने ती खरी धरायची. बरंचसं आकाश लष्कराकडे, त्यामुळे यायला-जायला एकच वाट. नियंत्रकाने सौदीच्या जंबोला १४ हजार फुटांवर ठेवलं होतं, उतरत येणाऱ्या कझाक इल्युशिनला १५ हजारांवर. सूचना बिनचूक होत्या. इल्युशिन तरीही खाली आलं. नियंत्रकाशी बोलणाऱ्या त्याच्या रेडिओ ऑपरेटरसमोर स्वतःचा उंचीमापकही नव्हता. चरखी दादरीच्या शेतांवर ३४९ माणसं गेली.

विमानांची टक्कर टाळणारं टीकॅस हे यंत्र त्यानंतर भारतात सक्तीचं झालं. जमिनीवरच्या कुणाचीही मदत न घेता ते आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरना सतत हाक घालतं. उत्तरात उंची येते. उत्तर यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं. पण त्याचा खरा हिशेब सेकंदांचा: गाठ पडायला किती उरले? आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा इशारा, मग आज्ञा, म्हणजे ‘आरए’. दोन्ही विमानांतली यंत्रं आपसात ठरवतात, वर कोण आणि खाली कोण. डावी-उजवीकडे वळा असं ते कधीच सांगत नाही, कारण दुसरं विमान नेमकं कोणत्या दिशेला आहे याचा त्याचा अंदाज ढोबळ असतो.

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगनवर आदळलेल्या दोन्ही विमानांत हे यंत्र होतं, चालूही होतं. ते आकाश सांभाळणाऱ्या झुरिकमध्ये एकटा नियंत्रक दोन टेबलं सांभाळत होता, मुख्य फोन दुरुस्तीसाठी बंद होते. त्याने टुपोलेव्हला खाली यायला सांगितलं. काही सेकंदांत यंत्र म्हणालं, वर जा. टुपोलेव्हने माणसाचं ऐकलं, मालवाहू बोइंगने यंत्राचं. दोघंही खाली आले. ७१ मेले, त्यांत ५२ मुलं. यंत्र काय सांगतंय हे नियंत्रकाला दिसतच नव्हतं. त्या रात्रीचा दोष त्या एकट्याच्या माथी मारणं मला अन्याय्य वाटतं.

आता नियम निःसंदिग्ध आहे: यंत्राची आज्ञा नियंत्रकाच्या वर. वैमानिक ‘टीकॅस आरए’ एवढंच कळवतो. नियंत्रक ‘रॉजर’ म्हणतो, आणि ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ ऐकू येईपर्यंत त्या विमानाला एकही सूचना देत नाही.