बाटलीत ठेवलेला बोनस

शेअर्स झाले, म्युच्युअल फंड झाले, हिंजवडीत टू बीएचकेही बुक करून झाला. आता पुढे काय? आमच्या एका मित्राने याचं उत्तर २०११ सालीच शोधलं होतं. लंडनमध्ये आयटीतली नोकरी, हातात नुकताच पडलेला तगडा बोनस आणि आदल्या वर्षी झालेली मुलगी. पठ्ठ्याने मुलीच्या जन्मसालाची, म्हणजे २०१०ची, बोर्दोची रेड वाइन घेतली. एक पेटी, बारा बाटल्या. हिशेब साधा. पोरगी कॉलेजात जाईपर्यंत भाव तिप्पट होणार आणि फी सुटणार!

त्यातली एक बाटली गेल्या दिवाळीत स्वेटरमध्ये गुंडाळून कोथरूडला आली. नाव छापायचं नाही असं बजावलंय, पण पॉयाक गावची, पाचव्या वर्गातली.

वर्ग म्हणजे? १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मुख्यतः मेदोक भागातल्या मळ्यांची पाच वर्गांत प्रतवारी लावली गेली, ती आजही चालते. पहिल्या वर्गात लाफीत, मार्गो, ओ-ब्रियाँ आणि लातूर (हो, उच्चार जवळजवळ आपल्या लातूरसारखाच!). १९७३ साली मूतों रॉथ्शिल्डला बढती मिळाली. बाकी दीडशे वर्षांत कुणाचं नशीब असं उघडलं नाही.

इथला धंद्याचा फंडा भारी आहे. वाइन पिंपात असतानाच विकायची. हंगामानंतरच्या वसंतात व्यापारी आणि समीक्षक चव बघतात, भाव फुटतो, तुम्ही पैसे भरता. बाटली मिळते साधारण दोन वर्षांनी. कोकणात मोहोर बघून आंब्याची बाग घेतात ना, तसंच. आणि जोखीमही तशीच! १९८२च्या पिकाचं रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकाने तोंड भरून कौतुक केलं, ज्यांनी तेव्हा पेट्या उचलल्या त्यांचं भलं झालं. तेव्हापासून प्रत्येकाला आपलं १९८२ शोधायचंय.

मित्राचं टायमिंग मात्र बघा. २००८ साली हाँगकाँगने वाइनवरचा कर काढून टाकला आणि चिनी पैसा बोर्दोवर, विशेषतः लाफीतवर, तुटून पडला. २०११च्या उन्हाळ्यात बाजार शिखरावर होता. नेमकं तेव्हाच २०१०चं पीक आजवरच्या चढ्या भावाने विक्रीला आलं. पुढच्याच महिन्यांत घसरण सुरू! २०१२ साली तर लातूरने जाहीर केलं की यापुढे पिंपातली वाइन विकणार नाही, तयार झाली की देऊ. २०२२मध्ये पुन्हा एक शिखर आलं आणि पुन्हा बाजार उतरला. शेअरवर निदान डिव्हिडंड तरी मिळतो. पेटीवर उलट भाडं भरावं लागतं.

कारण ती घरी ठेवायची सोय नाही. लंडनच्या व्यापाऱ्यांची पेटी बाँडेड गोदामात पडून राहते. बारा-तेरा डिग्री तापमान, हवेत दमटपणा, काळोख, बाटल्या आडव्या, म्हणजे बूच ओलं राहतं. तिथे असेपर्यंत ड्यूटी आणि व्हॅट नाही. बाहेर काढली की दोन्ही भरा. शिवाय फोडलेल्या पेटीला अखंड पेटीचा भाव येत नाही. पुण्यातल्या कपाटात ठेवायचा विचार असेल तर एक मे महिना पुरेसा आहे, वाइन शिजलीच म्हणून समजा!

श्रीमंतांचीही फजिती होते. १९८५ साली लंडनच्या लिलावात जेफरसनची म्हणून खपवलेली १७८७ची लाफीत फोर्ब्स कुटुंबाने १ लाख ५ हजार पौंडांना घेतली. प्रदर्शनात दिव्याखाली उभी ठेवली, तर बूच सुकून आत पडलं. पुढे त्या सगळ्या बाटल्यांच्या खरेपणावरच संशय आला. रुडी कुर्नियावान तर घरीच 'जुनी' वाइन बनवत होता. २०१४ साली न्यूयॉर्कच्या कोर्टाने त्याला दहा वर्षं आत टाकलं. म्हणून जुनी बाटली घेताना ती इतकी वर्षं कुठे होती, याचे कागद आधी मागायचे. चवीचं नंतर बघू.

तर आता चव. प्रवासात गाळ हलतो, म्हणून बाटली दोन दिवस ओट्याच्या कोपऱ्यात उभी. काकूंनी ती दोनदा फ्रिजमध्ये ठेवली, मित्राने दोनदा बाहेर काढली. एसी अठरावर. बूच निम्म्यात तुटलं. मग चहाच्या गाळणीतून, बाटलीच्या मानेखाली मोबाइलचा टॉर्च धरून, काचेच्या जारमध्ये हळूहळू ओतली. गाळ मानेशी आला की थांबायचं.

पहिला घोट? तुरट! सुपारीचं खांड चावल्यासारखा. हे टॅनिन, सालीतून आणि बियांतून आलेलं. वर्षं जातात तसे त्याचे कण एकमेकांना चिकटून खाली बसतात, रंग जांभळ्याचा विटकरी होत जातो आणि तुरटपणा मवाळ होतो. पंधरा वर्षांनीही हिच्या कडेला जेमतेम विटकरी झाक होती. २०१०ची वाइन हट्टी म्हणूनच ओळखली जाते.

तासाभराने मात्र बाई बोलायला लागल्या. आधी पिकलं जांभूळ, मग तंबाखूचं पान, मग काहीतरी ओळखीचं, पण सापडेना. काकांनी ग्लास नाकाशी धरला आणि म्हणाले, "अरे, हा तर कंपासपेटीचा वास!" बरोब्बर! नुकतीच सोललेली पेन्सिल. पुस्तकं पॉयाकचं वर्णन याच शब्दांत करतात आणि काकांनी त्यातलं एकही वाचलेलं नाही. मी मध्येच चकली खाल्ली आणि घोट कडूजहर झाला. तिखट आणि टॅनिन यांचं जमत नाही. साध्या भाजलेल्या मटणाबरोबर मात्र झकास.

"काय रे, फायदा किती झाला मग?" काकांनी विचारलंच. मित्राने आकडा सांगितला. जेवढ्याला घेतली साधारण तेवढ्यालाच जाते, भाडं वेगळं.

"म्हणजे एफडी बरी होती," काका म्हणाले आणि ग्लास पुढे केला. "आण, अजून थोडी घाल."

नातीने फक्त वास घेऊन नाक मुरडलं. पण उरलेल्या अकरा बाटल्या २०२८पर्यंत, म्हणजे तिच्या अठराव्या वाढदिवसापर्यंत, विकायच्या नाहीत असं तिने बाबाला सांगून ठेवलंय. फीचं काय ते तो बघेल.