स्वयंचलित चोक (कार्बोरेटर)

स्वयंचलित चोक ही पेट्रोल इंजिनाच्या कार्बोरेटरमध्ये हवेच्या मार्गाच्या तोंडाशी बसवलेली, तापमानानुसार आपोआप मिटणारी व उघडणारी झडप होय. इंधन अंतःक्षेपण (फ्यूएल इंजेक्शन) पद्धती रूढ होण्यापूर्वीच्या फोर्ड एफ-१००, शेवरोले सी-१० यांसारख्या अमेरिकी पिकअप ट्रकांमध्ये ती आढळते. त्याआधीच्या अनेक ट्रकांमध्ये चोक हाताने ओढावा लागे. भारतातील जुन्या स्कूटर व मोटारसायकलींवरील चोकही हातानेच वापरावयाचा असे.

आवश्यकता

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेस १ भाग पेट्रोल लागते. थंड इंजिनात मात्र पेट्रोलची वाफ नीट होत नाही; त्याचा बराचसा अंश नळ्यांच्या थंड भिंतींवर द्रवरूपातच राहतो व सिलिंडरमध्ये पोहोचणारे मिश्रण विरळ पडते. चोक मिटला की हवा अडते, इंजिनाची ओढ थेट इंधनाच्या तोटीवर पडते आणि अधिक पेट्रोल खेचले जाऊन मिश्रण दाट होते. ही गरज काही मिनिटांचीच असते. त्यानंतरही चोक मिटलेला राहिल्यास न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील वंगण धुऊन काढते, तेलात मिसळून ते पातळ करते आणि इंजिनाची झीज वाढते.

रचना

झडपेच्या आसाला द्विधातू पट्टीची सर्पिल स्प्रिंग जोडलेली असते. थंडीत ती झडप मिटवते. उष्णतेने तिचा ताण सैल होऊन झडप उघडते. ही उष्णता निष्कास नळीवरील गरम हवेतून किंवा विजेच्या तापकातून मिळते. शेवरोलेच्या काही इंजिनांत ही स्प्रिंग कार्बोरेटरपासून दूर, अंतर्ग्रहण नळीवरील खोबणीत असून एका सळईने झडपेशी जोडलेली असते. याखेरीज दोन साहाय्यक भाग असतात. इंजिन सुरू होताच त्याच्या निर्वातावर चालणारा पडदा झडप किंचित उघडतो. पायऱ्यांचा कॅम थंड इंजिनाची किमान गती वाढवून ठेवतो.

जुळणी

जुळणी रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर करावी.

१. हवेची गाळणी काढून झडप बोटाने हलवून पाहावी. काजळी वा चिकटा असल्यास कार्बोरेटर साफ करण्याच्या द्रवाने आस व जोडसळया स्वच्छ कराव्यात. अडकणाऱ्या झडपेवर पुढील कोणतीही जुळणी टिकत नाही.

२. अॅक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडावा. त्याशिवाय कॅमवरील स्क्रू सुटत नाही व झडप मिटू शकत नाही.

३. स्प्रिंगच्या गोल टोपणाचे तीन स्क्रू सैल करावेत. थ्रॉटल अर्धवट उघडा धरून, सुमारे २० अंश सेल्सिअसला झडप जेमतेम मिटेल इतके टोपण फिरवावे. टोपणावरील खुणा दाट व विरळ मिश्रणाची दिशा दर्शवतात. एका वेळी एकच खूण सरकवावी व पुढील चाचणी इंजिन पुन्हा पूर्ण थंड झाल्यावरच घ्यावी.

४. इंजिन सुरू झाल्यावर झडपेची कड व भिंत यांतील फट मोजावी. त्यासाठी पुस्तिकेत सांगितलेल्या जाडीचा ड्रिल बिट वापरतात.

५. कॅमच्या ठरलेल्या पायरीवर स्क्रू ठेवून थंड इंजिनाची गती पुस्तिकेनुसार लावावी.

६. विजेच्या चोकला चावी चालू असतानाच प्रवाह देणारी १२ व्होल्टची तार जोडावी. इग्निशन कॉइलच्या तारेवरून प्रवाह घेऊ नये. तेथे बहुधा रोध असल्याने विद्युत्‌दाब कमी मिळतो व ठिणगीही क्षीण होते. फोर्डच्या काही चोकांना मुळातच आल्टरनेटरवरून कमी दाबाचा प्रवाह दिलेला असतो. त्यांना तपासणीशिवाय १२ व्होल्ट देऊ नयेत.

दोषांची लक्षणे

इंजिन सुरू होऊन लगेच काळा धूर सोडत बंद पडल्यास निर्वाताचा पडदा फाटलेला असण्याचा संभव असतो. इंजिन तापूनही धूर येत राहिल्यास चोक उघडत नाही असे समजावे. थंड इंजिन खोकत असल्यास व वेग घेताना अडखळत असल्यास मिश्रण विरळ असते. हे सर्व दोष टोपण फिरवून झाकण्याचा प्रयत्न सर्रास केला जातो; त्याने एक लक्षण जाते व दुसरे उद्भवते. इंजिनात पेट्रोल साचल्यास अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून इंजिन फिरवावे. त्या स्थितीत झडप यांत्रिक रीतीने काहीशी उघडते.

सुरक्षितता

दाट मिश्रणाच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन व प्राणघातक वायू अधिक प्रमाणात निर्माण होतो. म्हणून चाचणी उघड्यावरच घ्यावी. गॅरेजचे दार उघडे ठेवणे पुरेसे नसते. गाळणी काढलेली असताना कार्बोरेटरमधून ज्वाळा बाहेर येऊ शकते. त्यामुळे इंजिन सुरू करताना त्यावर वाकू नये, तोंडातून पेट्रोल ओतू नये आणि अग्निशामक जवळ ठेवावा.