तेलातला चिवट नायट्रोजन

खनिज तेल हे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्म जीवांच्या अवशेषांपासून बनले, हे तुम्ही वाचले असेलच. त्या जीवांच्या प्रथिनांतला आणि हरितद्रव्यातला थोडासा नायट्रोजन आजही तेलात सापडतो. बहुतेक तेलांत त्याचे प्रमाण शेकडा अर्ध्याहूनही कमी असते. गंधक सहसा याहून पुष्कळ जास्त असते. मग तेलशुद्धीकरण कारखान्यात या चिमूटभर नायट्रोजनची एवढी धास्ती का?

जड तेलाचे मोठे रेणू तोडून पेट्रोल करण्यासाठी जो उत्प्रेरक वापरतात, त्याचे काम त्याच्या पृष्ठभागावरील आम्लधर्मी जागांवर चालते. तेलातली पिरिडीन, क्विनोलीन यांसारखी नायट्रोजनयुक्त संयुगे मात्र आम्लारिधर्मी. आम्ल दिसले की ती त्याला चिकटणारच! जागा अडल्या की उत्प्रेरकाचे काम मंदावते. डिझेलचीही हीच तऱ्हा. १ एप्रिल २०२० पासून भारतभर डिझेलमध्ये दहा लाख भागांत गंधकाचे फक्त १० भाग चालतात. हे शेवटचे गंधक काढू लागावे, तर उत्प्रेरकावर नायट्रोजनची संयुगे आधीच ठाण मांडून बसलेली असतात. (मोटारीच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा दोष मात्र तेलाला देऊ नका. ती मुख्यतः हवेतल्या नायट्रोजनपासून बनतात.)

म्हणून तेल हायड्रोजनबरोबर सुमारे ३५० ते ४०० अंश सेल्सिअसला, हवेच्या दाबाच्या कित्येक दसपट दाबाखाली, उत्प्रेरकाच्या थरातून सोडतात. हा उत्प्रेरक म्हणजे सच्छिद्र अ‍ॅल्युमिनावर बसवलेली निकेल व मॉलिब्डेनम यांची सल्फाइडे. गंमत पाहा, तेलातून गंधक काढायचे आणि उत्प्रेरकाला मात्र गंधक हवेच!

गंधकाचा अणू पुष्कळदा कडे तसेच ठेवून उपटून काढता येतो. नायट्रोजन तसा निघत नाही. कार्बन व नायट्रोजन यांच्यामधला दुहेरी बंध तोडायला एकेरी बंधाच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते. म्हणून आधी बंध एकेरी करून घ्यावे लागतात. पिरिडीनचेच पाहू. हायड्रोजनचे तीन रेणू कड्याचे दुहेरीपण घालवण्यात खर्च होतात. चौथा कडे उघडतो, पाचवा नायट्रोजनला सोडवतो. उरतात पेंटेन आणि अमोनिया. म्हणजे नायट्रोजनच्या एका अणूसाठी हायड्रोजनचे पाच रेणू! हा हायड्रोजन बहुधा नैसर्गिक वायू किंवा नॅफ्था यांवर वाफेची क्रिया करून मुद्दाम तयार करावा लागतो, तेव्हा खर्चाची कल्पना येईल.

अमोनिया सुटला तरी काम संपत नाही. गंधकापासून झालेला हायड्रोजन सल्फाइडही सोबत असतो. वायू थंड होताना दोघांचे लवण बनून नळ्यांत साचते, नळ्या तुंबतात आणि गंजतातही. त्यावर उपाय अगदी साधा आहे. शीतकाच्या अलीकडेच त्या प्रवाहात पाणी सोडतात. लवण त्यात विरघळून वाहून जाते.